अठ्ठेचाळीस के आणि मामाचा ग्राफ पेपर

आमचा ‘तिसरा भोंगा’ हा गेम जानेवारी २०२५ मध्ये बाहेर पडला आणि त्याच्या कॉपीराइटचं प्रमाणपत्र त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास हातात आलं. म्हणजे आता कागदोपत्रीही काम संपलं. झेडएक्स स्पेक्ट्रमसारख्या १९८२ सालच्या घरगुती संगणकासाठी आज नवा गेम लिहायचा तर माहितीचा तुटवडा नाही. पण ती बहुतेक सगळी इंग्रजीत आहे, आणि ज्यांचं बालपणच त्या संगणकासमोर गेलं अशा लोकांनी लिहिलेली आहे. त्यामुळे आपल्याला जिथे अडतं ते त्यांना सांगावंसंच वाटत नाही. शिवाय गेममध्ये मराठी अक्षरं कशी आणायची, इथे बसून सुटे भाग कसे मागवायचे, भारतात नोंदणी कशी करायची, हे त्यात कुठून असणार? म्हणून जे जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

आधी यंत्राबद्दल थोडं. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चनं स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ ला बाजारात आणला. ४८ के (किलोबाइट) मेमरीच्या मॉडेलची किंमत होती १७५ पौंड. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवरून कॅसेट वाजवून गेम लोड करायचा. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबल्स नावाच्या कंपनीनं परवाना घेऊन त्याचाच भाऊ, स्पेक्ट्रम प्लस, विकला होता. माझ्या वाट्याला मात्र शाळेतला बीबीसी मायक्रो आला. सरकारच्या ‘क्लास’ योजनेत मिळालेला, काचेच्या कपाटात ठेवलेला, आणि आठवड्यातून एकदा बाहेर निघणारा. मी आता पुण्यात बँकांची सॉफ्टवेअरं लिहितो. तिथे एका बटणामागे किती मेमरी जाते हे कुणी विचारत नाही. एकदा तरी मोजून-मापून काम करून बघावं, एवढीच इच्छा होती.

कोड जमेल याची खात्री होती. चित्रांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

दिवाळी २०२३ ला सोलापूरला गेलो होतो. मामा आता सत्तरीच्या पुढे आहे. त्यानं उभं आयुष्य सोलापुरी चादरींची डिझाइनं काढण्यात घालवलं. नक्षी आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढायची, मग ती ओळीओळीनं वाचून जकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची, कार्डं पंच करायची, मग ती कार्डं मागावर चढवायची. लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) उघडून मी त्याला एक जुना गेम दाखवत होतो. निळ्या जिन्यासमोरून जाताना पिवळा माणूस अचानक निम्मा निळा झाला. “हे काय करलालंय बे हे?” मामानं विचारलं.

मी सांगायला लागलो. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. पण प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग नाही. पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटी पाडलेल्या, आडव्या ३२ आणि उभ्या २४, आणि एका चौकटीत दोनच रंग: एक शाईचा, एक कागदाचा. माणूस चौकटीत शिरला की त्याच्या रंगाची जिन्याच्या रंगाशी मारामारी होते. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत मामा आतून एक चादर घेऊन आला. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर, उलटी केली की पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. “दोन ताणे, दोन रंग. वर एक आला की दुसरा खाली जातो. तिसरा रंग पायजे असेल तर पट्टा बदलावा लागतो. तुझ्या टीव्हीचं काय वेगळंय?”

वेगळं काहीच नव्हतं. दोन्हीकडे कारण एकच, काटकसर. स्पेक्ट्रममध्ये ठिपक्यांसाठी ६,१४४ बाइट आणि रंगांसाठी ७६८, असा पडदा ६,९१२ बाइटमध्ये बसतो. प्रत्येक ठिपक्याला सोळा रंगांची मुभा दिली असती तर २४,५७६ बाइट लागले असते. म्हणजे ४८ केमधली निम्मी मेमरी नुसत्या चित्रात गेली असती. त्याच संध्याकाळी ठरलं, चित्रं मामा काढणार.

गोष्टही त्याचीच. आजोबा मिलमध्ये साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. पहिला भोंगा उठायला, दुसरा घर सोडायला, तिसऱ्याला गेट बंद. तिसऱ्याच्या आत मस्टरवर (हजेरीपटावर) नाव लागलं नाही तर त्या दिवसाची पाळी बदली कामगाराला. खेळ एवढाच: चाळीतून निघायचं, बोळ, नाला, रेल्वेचे रूळ, बाजार पार करत, डबा न सांडता गेटवर पोचायचं. बारा पडदे. मी आधी एक ऐसपैस अवकाशयानाचा गेम मनात धरून होतो. तो सोडल्याचं दुःख नाही.

जानेवारी ते मार्च २०२४ हे तीन महिने एकही ओळ कोड न लिहिता गेले, आणि कुणी विचारलं तर मी हाच क्रम सुचवीन. मामानं मिलिमीटरचा ग्राफ पेपर नाकारला, डोळ्यांना त्रास होतो म्हणून. पाच मिलिमीटर चौकोनांची गणिताची वही पुरते, दुकानात चाळीस-पन्नास रुपयांना मिळते. दर आठ चौकोनांनंतर लाल पेननं रेघ मारायची. तीच स्पेक्ट्रमची चौकट. काम पेन्सिलनं, आणि खोडरबर चांगला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मुख्य माणसाला. हलणारी चित्रं यंत्रानंच काढून द्यायची सोय, म्हणजे हार्डवेअर स्प्राइट, स्पेक्ट्रममध्ये नसते. एक बाइट म्हणजे आडवे आठ ठिपके, आणि चित्र बाइटच्या सीमेवर नसेल तर ते सरकवून काढावं लागतं. सरकवायला वेळ लागतो, म्हणून सरकवलेल्या आवृत्त्या आधीच साठवून ठेवतात. सोळा बाय सोळाचं चित्र आठही जागांसाठी साठवायचं म्हटलं तर एका मुद्रेला, म्हणजे चालीतल्या एका चित्राला, ३८४ बाइट. चालण्याच्या चार मुद्रा, दोन दिशा, म्हणजे ३,०७२. मामाला हा हिशेब सांगितला तेव्हा तो म्हणाला, “मग माणूस बारीक कर की.” हाच इलाज मॅथ्यू स्मिथनं १९८३ मध्ये ‘मॅनिक मायनर’साठी केला होता. माणूस दहा ठिपके रुंद ठेवायचा आणि एका वेळी दोन ठिपके चालवायचा. पहिली मुद्रा डाव्या कडेला, दुसरी दोन ठिपके उजवीकडे, तिसरी चार, चौथी सहा. चारही सोळाच्या रुंदीत बसतात. मुद्रा बदलणं आणि सरकणं एकाच वेळी होतं, आणि दोन्ही दिशांचं मिळून २५६ बाइटमध्ये भागतं.

पण दहा ठिपक्यांत माणूस कसा बसवायचा? मामाची वही बघण्यासारखी आहे. पहिल्या पानांवर नाक-डोळे असलेला माणूस, मग नुसतं नाक, मग काहीच नाही. “चेहरा नको. लांबून माणूस टोपीवरनं अन् चालीवरनंच ओळखतो आपण.” आधी धोतर होतं; ते गेलं, कारण त्यात पाय वेगळे दिसत नव्हते. लेंगा आला. डब्यासाठी तीन बाय चार ठिपके मिळाले. माझ्या डोक्यातली चाल तिसऱ्या मुद्रेलाच संपत होती, मामानं चौथ्या मुद्रेत टाच उचलली आणि बाहुली एकदम घाईत असल्यासारखी दिसायला लागली.

चित्र पुण्याला कसं यायचं? मामा आधी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा. पण कार्डं पंच करायची सवय असलेल्या माणसाला ओळ वाचून दाखवणं जास्त सोपं जातं. रात्री फोनवर तो वाचायचा: “कोरा, कोरा, भोक, भोक, भोक, भोक, कोरा, कोरा.” मी एक-शून्य टाइप करायचो. पुढे त्यानं १२८, ६४, ३२ अशी बेरीज स्वतःच शिकून घेतली आणि वहीच्या समासात प्रत्येक ओळीपुढे आकडा लिहायला लागला. त्याच्या वहीतले ते आकडे आज जसेच्या तसे सोर्स कोडमध्ये आहेत. यासाठी चांगली सॉफ्टवेअरंही आहेत, मल्टिपेंट वापरून बघा, ते चौकटीचा नियम मोडूच देत नाही. लोडिंगचं चित्र आम्ही त्यातच रंगवलं. लहान चित्रांसाठी मात्र मी वहीच धरीन.

रंगांच्या मारामारीवर दोन जुने तोडगे आहेत. एक, सगळा पडदाच एका रंगाचा ठेवायचा. जॉन रिटमन प्रोग्रॅमर आणि बर्नी ड्रमंड चित्रकार, या जोडीचा १९८७ चा ‘हेड ओव्हर हील्स’ तसा आहे. एका खोलीत एकच शाई, आणि तरीही खोल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. दुसरा, माणसानं ज्या चौकटीत पाऊल ठेवलं तिचा रंग निमूट घ्यायचा. मामानं मधला मार्ग काढला. चालायच्या पट्ट्यात सगळीकडे कागद काळा, शाई पांढरी. रंग फक्त वर आणि खाली, जिथे माणूस पोचत नाही. बाजाराच्या पडद्यावर वर रंगीत कापडं लटकतात आणि त्यांच्याखालून पांढरा माणूस पळतो. चादरीच्या दोन्ही कडांना रंगीत पट्टे असतात त्याच हिशेबानं हे आलंय, असं त्यानं नंतर सांगितलं.

एप्रिलपासून कोड. लागणारं सगळं फुकट आहे: एस-जे-ए-एस-एम प्लस हा असेम्बलर (लिहिलेल्या सूचनांचे यंत्राला कळणारे आकडे करणारा प्रोग्रॅम), फ्यूज हा एम्युलेटर आणि कुठलाही साधा एडिटर. असेम्ब्ली नकोच असेल तर झेड-८८-डीके वापरून सी भाषेत लिहिता येतं, आणि कोडच नको असेल तर जोनाथन कॉल्डवेलचं आर्केड गेम डिझायनर आहे. मला मोजायचंच होतं, म्हणून मी झेड-८० ची, म्हणजे स्पेक्ट्रमच्या प्रोसेसरची, असेम्ब्ली घेतली. ऑफिस झाल्यावर, जेवण उरकून, रात्री साडेनऊ ते अकरा. लेकीची दहावी होती त्या काळात आवाज बंद करून.

सुरुवातीला ज्या गोष्टींनी माझं डोकं खाल्लं त्या सांगतो, तुमचे चार दिवस वाचतील. पडद्याच्या ओळी मेमरीत क्रमानं नसतात. पडद्याचे तीन तुकडे, प्रत्येकी ६४ ओळींचे. तुकड्यात आधी प्रत्येक चौकटीची पहिली ओळ, मग प्रत्येकीची दुसरी, असं. प्रत्येक वेळी पत्ता काढत बसू नका, १९२ ओळींच्या पत्त्यांचा तक्ता करून ठेवा, ३८४ बाइट जातात पण सुटका होते. दुसरं, १६३८४ ते ३२७६७ या पत्त्यांवरची मेमरी पडदा रंगवणारी चिपही वाचत असते आणि तेव्हा प्रोसेसरला थांबवून ठेवते. म्हणून वेगाचं सगळं काम ३२७६८ च्या वर ठेवायचं. आमचा अख्खा गेम त्या वरच्या ३२ केमध्ये बसवला.

तिसरी गोष्ट वेळेची. सेकंदाला पन्नास वेळा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला ठरावीक इशारा, येतो, आणि दोन इंटरप्टच्या मध्ये, म्हणजे एका फ्रेममध्ये, प्रोसेसरला ६९,८८८ टिकटिक मिळतात. पूर्ण पडदा साध्या सूचनेनं कॉपी करायचा तर एका बाइटला २१, म्हणजे १,४५,१५२. दोन फ्रेममध्येही होत नाही! त्यामुळे मागचं दृश्य एकदाच काढायचं आणि पुढे फक्त हलणाऱ्या गोष्टी पुसायच्या नि काढायच्या. शिवाय हे काम इंटरप्ट आल्या आल्या उरकायचं. टीव्हीचा चित्र रंगवणारा किरण पडद्याच्या पहिल्या ठिपक्यावर यायला १४,३३६ टिकटिक असतात, तेवढ्यात वरच्या भागातलं आटपलं तर चित्र लुकलुकत नाही. मी काम चालू असताना बॉर्डरचा, म्हणजे चित्राभोवतीच्या कडेचा, रंग बदलून ठेवायचो. फ्रेममधला किती वेळ खर्च झाला ते पडद्याच्या कडेला लाल पट्टीच्या उंचीवरून दिसतं. ही युक्ती त्या काळापासूनची आहे आणि अजूनही तिच्यापेक्षा सोयीचं काही मला सापडलेलं नाही.

एम्युलेटरवर सगळं गोजिरं दिसतं. खऱ्या यंत्रावर चालल्याशिवाय मामा मानणार नव्हता. ओळखीच्या एकांच्या सदाशिव पेठेतल्या माळ्यावर स्पेक्ट्रम प्लस होता. पैसे घेतले नाहीत. चालू झाला तर नातवाला खेळायला द्यायचा, एवढीच अट. मे २०२४ मध्ये घरी आणला.

इथे सबुरी ठेवा. पहिली सूचना: जुना अडॅप्टर हरवला असेल तर हाताला येईल तो लावू नका. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट डीसी लागतात आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं. आजच्या बहुतेक अडॅप्टरचं नेमकं उलटं असतं. मी तापकीर गल्लीतून नऊ व्होल्ट, दोन अँपिअरचा घेऊन पिनच्या तारा उलट करवून घेतल्या, साडेतीनशे रुपये. दुसरी: चाळीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चालू करण्याआधीच बदला. बुधवार पेठेतल्या एका वयस्कर टीव्ही मेकॅनिकनी ते दुपारभरात करून दिलं, मजुरीसह सहाशे. त्यांनीच टीव्हीचा सिग्नल मॉड्युलेटरच्या आधी पकडून साधी व्हिडिओ तार बाहेर काढून दिली. ती एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टरमधून नव्या टीव्हीला जोडली तर चित्र येतं, पण अर्धवट पुसल्यासारखं. शेवटी जुन्या बाजारातून एक चौदा इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही उचलला, बाराशे रुपये. त्यावर मामाचे रंग जसे दिसतात तसे कुठेच दिसत नाहीत.

कीबोर्ड मेलेलाच होता. आत प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, मेम्ब्रेन; तो कडक होऊन तडकतो, आणि दुरुस्त होत नाही. नवे मेम्ब्रेन आजही इंग्लंडमध्ये तयार होतात. मागवताना प्लस मॉडेल की रबरी बटणांचं, हे नीट लिहा, दोन्हींचे वेगळे असतात. जूनमध्ये मागवला, पोचायला पाच-सहा आठवडे. टपालखर्च धरून अडीच हजारांच्या आसपास, वर दारात पोस्टमननं सीमाशुल्काची पावती देऊन रक्कम घेतली ती वेगळी. विक्रेत्याला पाकिटावर वस्तूचं वर्णन आणि किंमत स्पष्ट लिहायला सांगा, आणि आपल्याकडे बिलाची प्रत नि पॅन हाताशी ठेवा. कुरिअरनं मागवलंत तर केवायसी मागतातच.

लोड करायला टेपरेकॉर्डर लागत नाही. टेप फाइलची वेव फाइल करून फोनवरून वाजवायची, हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या इअर लिहिलेल्या भोकात. तार मोनो हवी, आवाज जवळजवळ पूर्ण, फोनमधला इक्वलायझर बंद, आणि फोन एअरप्लेन मोडवर. मध्येच कुणाचा निरोप आला तर त्याची टिंग संगणक डेटा म्हणून खातो.

कॅसेटवरचं लोडिंग मामाला फार आवडलं. स्पेक्ट्रम सेकंदाला साधारण १,५०० बिट या गतीनं वाचतो, म्हणजे नुसतं चित्र यायला सदतीसेक सेकंद. आधी सगळे ठिपके येतात, तीन तुकड्यांत, ओळी गाळत गाळत, आणि अगदी शेवटी चारेक सेकंदांत वरून खाली रंग चढतात. मामानं हे दोन-तीनदा बघितलं आणि आपलं तयार चित्र फाडून नवं काढलं. मला सांगितलं, आधी पडदा काळा कर आणि शाई निळी. आता लोड होताना काळोखात निळी गिरणी, चिमणी, गेट, माणसांची रांग उमटते. शेवटच्या चार सेकंदांत आधी आभाळ उजाडतं, मग चिमणीवर ऊन येतं, मग रस्त्यावर. त्यासाठी माझ्याकडून बेसिक या स्पेक्ट्रमच्या भाषेतली एक ओळ लागली. गेममधली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती असं विचारलंत तर मी हीच सांगीन, आणि ती गेम सुरू होण्याआधीच संपते.

ऑगस्ट ते ऑक्टोबर देवनागरी. ‘इंग्रजीत लिही, जगभर जाईल’ असं मला अनेकांनी सांगितलं. पण मस्टरवरचं नाव इंग्रजीत? स्पेक्ट्रमचं अक्षर आठ बाय आठचं. त्यात शिरोरेघेला एक ओळ, वर वेलांटी-मात्रांना तीन, खाली उकाराला तीन दिल्या तर अक्षराला उरतं काय? म्हणून उंची सोळा केली, दोन चौकटी, आणि रुंदी ज्याची त्याला लागेल तेवढी. मग खरी काटकसर सुरू झाली. काना असलेल्या अक्षरांचं अर्धं रूप वेगळं साठवलंच नाही. ग, त, न, म, व, स यांच्या उजवीकडचे दोन स्तंभ न काढले की अर्धं अक्षर तयार. मात्रा, अनुस्वार, रफार हे वेगळे तुकडे, अक्षरावर चढवायचे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, पण तिची कमान पुढच्या अक्षराच्या रुंदीइतकी, म्हणून तिचे अरुंद आणि रुंद असे दोन साचे. द आणि ट-ड च्या जोडाक्षरांना कुठलीच युक्ती चालेना.

तेव्हा उलट्या बाजूनं आलो. आधी गेममधला सगळा मजकूर लिहून काढला, लहानशा पायथन स्क्रिप्टनं त्यातले तुकडे मोजले आणि जे अवघड जोडाक्षर एकदाच येतं तिथे वाक्यच बदललं. ‘उद्या लवकर या’ गेलं, ‘पाळी गेली’ आलं. चादरीत नाव विणायचं असेल तर मामा हेच करत असे. गिऱ्हाइकाला सांगायचा, आडनाव राहू द्या, गावाचं नाव टाका. सगळा फॉन्ट शंभरेक तुकड्यांचा आणि दीड केच्या आत आहे. ‘र’ चा पाय मामाला शेवटपर्यंत पसंत पडला नाही. त्याच्या मते तो लंगडतो.

आवाजाचं काम नोव्हेंबरात झालं. ४८ केच्या स्पेक्ट्रममध्ये आवाजाची चिप नाही. २५४ क्रमांकाच्या पोर्टवरचा एक बिट चालू-बंद केला की स्पीकर टकटक करतो, बाकी सगळं प्रोसेसरनंच वेळ मोजून करायचं. म्हणजे आवाज चालू असताना दुसरं काही हलत नाही. भोंगा मात्र माणूस पळत असतानाच वाजायला हवा होता. उपाय असा: प्रत्येक फ्रेममध्ये चित्रं काढून झाल्यावर उरलेल्या वेळात भोंग्याचा छोटा तुकडा वाजवायचा, आणि प्रत्येक फ्रेमला मधली विश्रांती थोडी कमी करायची, म्हणजे सूर चढत जातो. त्यात मध्ये मध्ये खंड पडतो, आवाज थरथरतो. मी तो खंड घालवायच्या मागे होतो. मामीनं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि म्हणाली, “असाच वाजायचा, राहू दे.” राहू दिला. एक लक्षात ठेवा, त्याच पोर्टचे खालचे तीन बिट बॉर्डरचा रंग ठरवतात, आवाज काढताना ते जपले नाहीत तर पडद्याची कडा रंगीबेरंगी होते.

डिसेंबरात चाचणी. सदाशिव पेठेतल्या नातवाला दिला. त्यानं नाल्याच्या पडद्यावर भिंतीतून चालत जायची वाट शोधली, जी बंद करायला माझा आठवडा गेला. परदेशातल्या काही हौशी लोकांनी रबरी बटणांच्या मूळ यंत्रावर चालवून बघितला. त्यांना मराठी येत नाही, पण भोंगा कळला. बारा पडद्यांचे नकाशे आइनार साउकासच्या झेडएक्स-झिरो या कॉम्प्रेसरनं (डेटा कमी जागेत बसवणारा प्रोग्रॅम) दाबून बसवले. तो मोफत आहे आणि उलगडणारा भाग शंभर बाइटच्या आतबाहेर. शेवटी मेमरीत थोडी जागा उरली, तर मामानं शेवटच्या पडद्यावर गेटजवळ एक कुत्रं काढून पाठवलं. ते काही करत नाही, बसलेलं असतं.

१४ जानेवारी २०२५, संक्रांतीला, गेम इच डॉट आयओ या गेमांच्या संकेतस्थळावर ठेवला. किंमत शून्य, वर ज्याला हवं ते द्यावं. पैसे घ्यायचे असतील तर तिथे कराची प्रश्नावली भरावी लागते. अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीसाठीचा डब्ल्यू-८ बेन फॉर्म, त्यात आपला पॅन. पैसे इथल्या खात्यात येताना परकीय रक्कम कशासाठी याचा पर्पज कोड निवडावा लागतो. रक्कम लहान असली तरी विवरणपत्रात दाखवा. आमच्या जमेत मेम्ब्रेनचा खर्च निघाला, टीव्हीचा अजून नाही.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. पण पुढे कधी वाद झाला तर प्रमाणपत्र प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. आणि मला मामाचं नाव कुठल्या तरी सरकारी कागदावर हवं होतं. चादरींवर ते कधीच आलं नाही. अर्ज ऑनलाइन, नमुना १४. कायद्याच्या लेखी संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती, चित्र ही कलाकृती, म्हणून दोन वेगळे अर्ज. शुल्क प्रत्येकी ५०० रुपये. चित्र मालाच्या वेष्टनावर वगैरे वापरायचं असेल तर ते २,००० होतं आणि ट्रेडमार्क कार्यालयाचा दाखलाही जोडावा लागतो. आमचं तसं नव्हतं. प्रोग्रॅमच्या अर्जाला सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं द्यावी लागतात, काहीही न झाकता, आणि सगळा कोड वीस पानांपेक्षा कमी असेल तर सगळाच. शिवाय ऑब्जेक्ट कोड, म्हणजे असेम्बलरनं तयार केलेले आकडे. मी आकड्यांची यादी छापून त्याची पीडीएफ केली. दोघांनी मिळून काम केलंय तर एकमेकांची ना-हरकत पत्रं सहीनिशी लागतात. मामाची सही आणायला सोलापूरला गेलोच, स्कॅनवर भागवलं नाही.

मार्चमध्ये अर्ज केला. लगेच डायरी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्यावर. मग ३० दिवस कुणाची हरकत येते का यासाठी थांबायचं, त्यानंतर तपासनीसाकडे. संकेतस्थळावर स्थिती दिसते. रोज बघून ती बदलत नाही. पावसाळा गेला, गणपती गेले. चित्राचं प्रमाणपत्र आधी आलं, प्रोग्रॅमचं महिनाभरानं.

चित्राच्या प्रमाणपत्रावर लेखक म्हणून मामाचं नाव आहे. त्यानं ते वाचलं, घडी घालून वहीत ठेवलं आणि विचारलं की पुढच्या गेमला माणूस बारा ठिपक्यांचा चालेल का. बारात चार मुद्रा सोळाच्या रुंदीत बसत नाहीत, हे त्याला माहीत आहे. त्याचं म्हणणं, तीनच मुद्रा ठेवू.

देवनागरीचे ते शंभर तुकडे मी गेमच्या पानावर वेगळे ठेवलेत, कुणीही वापरावेत. ‘र’ सुधारलात तर तेवढा परत पाठवा.